मत देणारे आणि मत मोजणारे

शाईबोट
बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, दोनदा अर्धा टाइप करून सोडून दिला. इथे दर काही महिन्यांनी "लोकशाही बुडत चालली का" असा धागा निघतो, पाचव्या प्रतिसादाला तुमचा नेता आमचा नेता सुरू होतं आणि दहाव्याला कुलूप. म्हणून आधीच हात जोडतो, घरचं चालू राजकारण इथे नको, त्याला बाकीचे धागे मोकळे आहेत.

तर हुकूमशाही म्हटलं की आपल्याला अजून रणगाडे दिसतात, रेडिओ स्टेशनवर कब्जा, काळा चष्मा लावलेला जनरल वगैरे. तसं अजूनही होतं, म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला झालं, माली, बुर्किना फासो, नायजर इथेही झालं. पण जिथे लोकशाही बऱ्यापैकी मुरली असं वाटत होतं तिथे ती आतून पोखरली गेलीये, आणि तीही ठराव मांडून, मतदान घेऊन, राजपत्रात छापून. हंगेरी बघा. ऑर्बान २०१० ला रीतसर निवडून आले, दोन तृतीयांश जागा मिळाल्या, मग नवी राज्यघटना, मग न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून थेट ६२, म्हणजे वरचे जुनेजाणते न्यायाधीश एका फटक्यात घरी (युरोपियन कोर्टाने नंतर ते चूक ठरवलं, पण तोवर खुर्च्या भरून झाल्या होत्या). मग संसदेच्या जागा ३८६ वरून १९९ वर आणल्या आणि मतदारसंघ नव्याने आखले. २०१४ ला मतं साधारण ४५ टक्के आणि जागा परत दोन तृतीयांश! आता "न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय बदललं" ही बातमी सकाळी पेपर उघडल्यावर कोण वाचतं सांगा.

माझं म्हणणं एवढंच की या सगळ्या जागतिक कुस्तीत आपण नेते बघतो, मोर्चे बघतो, भाषणं बघतो आणि जिथे खरा पट निघतो ती जागा बघतच नाही. ती जागा म्हणजे मोजणीचं टेबल. मतदान रशियातही होतं, बेलारूसमध्येही होतं. मोजून जो आकडा आला तोच कागदावर लिहिला जातो का, आणि तो तसा लिहिणाऱ्या माणसाची नोकरी आणि जीव दुसऱ्या दिवशी शाबूत असतो का, हे बघायला हवं.

माझं आवडतं उदाहरण गांबिया. पश्चिम आफ्रिकेतला चिंचोळा देश, नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला. तिथे याह्या जामे १९९४ ला बंड करून आला आणि २२ वर्षं बसला. बीबीसीला सांगितलं होतं की देवाच्या मनात असेल तर अब्ज वर्षं राज्य करेन. आणि या देशात मतदान होतं काचेच्या गोट्यांनी! डिसेंबर २०१६ ला गोट्या मोजल्या आणि जामे हरला. टीव्हीवर येऊन त्याने फोनवरून विजेत्याचं, अदामा बॅरोंचं, अभिनंदन केलं. आठवडाभरात पलटला. का, तर निवडणूक आयोगाने स्वतःच बेरजेतली चूक शोधून सुधारलेला आकडा जाहीर केला होता, फरक कमी झाला पण निकाल तोच राहिला. जामेने तेवढंच धरलं, म्हणाला फेरनिवडणूक घ्या. आयोगाचे म्हातारे अध्यक्ष अलियू मोमार न्जाय हलले नाहीत, नंतर त्यांना जिवाच्या भीतीने देश सोडावा लागला. बॅरोंचा शपथविधी शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकारच्या गांबियन दूतावासात झाला. मग शेजारी देशांच्या फौजा हद्दीत शिरल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये जामे विमानात बसला.

फौजा आल्या म्हणून तो गेला हे खरंच. पण फौजा आल्या कोणत्या आधारावर? एका म्हाताऱ्या माणसाने बेरीज नीट केली आणि ती बदलली नाही, त्या आधारावर.

तुमच्याकडे अशी उदाहरणं असतील तर टाका. उलटीही चालतील.

मी_फक्त_वाचतो
गोट्या??? म्हणजे आपण लहानपणी खेळायचो त्या? गंमत करताय का राव

शाईबोट
अहो अगदी त्याच. देश स्वतंत्र होत होता तेव्हा बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हतं म्हणून साठच्या दशकात ही पद्धत आणली. प्रत्येक उमेदवाराचा एक लोखंडी पिंप, त्याच्या रंगाने रंगवलेला, वर फोटो. मतदाराला एक गोटी मिळते, आडोशाला जायचं आणि नळीतून पिंपात सोडायची. आत घंटी आहे, टण्ण वाजते. दोनदा वाजली की बाहेर बसलेल्यांना कळतं की कोणीतरी दोन टाकल्या. तळाला वाळू नाहीतर भुसा घालतात म्हणजे गोटी पिंपावर आपटल्याचा आवाज येत नाही. मग गोट्या भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये ओततात, ट्रे भरला की किती ते सगळ्यांना दिसतं, वेगळं मोजावं लागत नाही.

जुनी_सायकल
+१, धागा आवडला. मी दोनदा मोजणीच्या टेबलावर बसलोय, कुठे ते जाऊ द्या. बाहेरून वाटतं की फार मोठं काही चाललंय, प्रत्यक्षात ते इतकं कंटाळवाणं काम आहे की पहाटेपासून बसून डोळे चुरचुरतात, पाठ मोडते. पण समोर पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असतात आणि ते तुमच्या बोटांकडे बघत असतात. सगळी सिस्टीम त्या बघणाऱ्यांवर उभी असते. एकदा एका फेरीत बेरीज चार मतांनी चुकली, चूक आमच्याच टेबलाची होती, तर समोरच्या पोराने उठून असा दंगा केला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाताना मात्र वाटलं की बरं झालं ते पोरगं झोपलं नव्हतं.

याच अंगाने व्हेनेझुएला बघा. २८ जुलै २०२४ ची निवडणूक. तिथे मशीन शेवटी एक लांब पावती छापतं, त्या टेबलाचा निकाल, आणि प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला तिची प्रत घ्यायचा हक्क असतो. विरोधकांना माहीत होतं की रात्री काहीतरी होणार. त्यांनी देशभर माणसं पेरली, पावत्या हातात आल्या की फोटो काढायचे, स्कॅन करायच्या, आणि देशातल्या साधारण ३० हजार टेबलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त पावत्या थेट वेबसाइटवर टाकल्या. त्यात विरोधकांचे उमेदवार एडमुंडो गोन्सालेस यांना ६७ टक्क्यांच्या आसपास, सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्ष मादुरोंना ३० च्या. आयोगाने जाहीर केलं मादुरो ५१ टक्क्यांनी जिंकले, आणि टेबलवार आकडे दिलेच नाहीत. गोन्सालेस सप्टेंबरमध्ये स्पेनला गेले, मादुरोंनी जानेवारी २०२५ मध्ये परत शपथ घेतली.

म्हणजे शाईबोट भाऊ, तुमच्या गांबियाला हे उलटं उदाहरण. मोजणी झाली, पुरावा जगाने बघितला, आणि तरी काही झालं नाही. सैन्य, कोर्ट, आयोग तिन्ही एका खिशात असले की पावती नुसती पावती राहते.

काडीपेटी
काडी टाकतो, रागावू नका :)
हे सगळं ठीक आहे, पण माणसाला आधी पोट आहे मग मत. चीनने चाळीस वर्षांत ८० कोटींच्या आसपास माणसं गरिबीतून वर काढली, हे वर्ल्ड बँक म्हणते, मी नाही. सिंगापूर बघा, १९५९ पासून एकच पक्ष. तिकडे लोक रस्त्यावर येऊन गोट्या मोजत नाहीत आणि सुखात आहेत. आणि लोकशाहीचं कौतुक करणाऱ्यांना आठवण करून देतो, हिटलरही मतपेटीतूनच आला होता.

खिडकीतून
काडीपेटी, तुम्ही एका प्रतिसादात तीन काड्या टाकल्यात, एकेक विझवते.

हिटलर आधी. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला ३३ टक्के मतं होती, आधीच्या जुलैपेक्षा कमी. बहुमत कधीच नव्हतं. ३० जानेवारी १९३३ ला त्याला चॅन्सेलर म्हणून नेमलं, ते जुन्या मुरलेल्या राजकारण्यांनी, कारण त्यांना वाटलं आपण याला हाताळू. मार्चमध्ये निवडणूक झाली तेव्हा विरोधक आधीच तुरुंगात, रस्त्यावर गणवेशातली टोळकी, तरीही ४४ टक्क्यांच्या वर गेला नाही. मग २३ मार्चला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ ने पास झाला. कम्युनिस्ट खासदारांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं, विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाने. मतपेटीतून आला म्हणण्यापेक्षा मागच्या दाराने आत घेतला म्हणा.

चीन. ८० कोटी खरे आहेत आणि ते छोटं काम नाही, कबूल. पण त्याच राजवटीत १९५९ ते ६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली आणि ती धान्य मुळातच नव्हतं म्हणून नाही मेली. खालचा अधिकारी वर खोटे आकडे पाठवत होता, कारण खरा आकडा पाठवला तर त्याची धडगत नव्हती. अमर्त्य सेन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की जिथे निवडणुका होतात आणि पेपर मोकळे असतात तिथे मोठा दुष्काळ पडत नाही. बघा, परत आकडाच आला. शाईबोट मतांच्या बेरजेबद्दल बोलताहेत, मी धान्याच्या बेरजेबद्दल.

सिंगापूर. तिथले ली कुआन यू सगळ्यांना आठवतात, झैरेचा (आजचा काँगो) हुकूमशहा मोबुटू कोणाला आठवत नाही. मोबुटूही तीसेक वर्षं एकहाती होता, झैरेचं काय झालं? इक्वेटोरियल गिनीत ओबियांग १९७९ पासून आहेत, तेल आहे, जनता गरीबच. (जामे पळाला तो तिथेच गेला, योगायोग!) लॉटरी लागलेल्या माणसाला विचारून तिकिटं घ्यायची नसतात. आणि असेमोग्लू वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी बऱ्याच देशांचा हिशेब मांडून दाखवलंय की लोकशाहीकडे वळलेल्या देशाचं दरडोई उत्पन्न २५ वर्षांत साधारण २० टक्के जास्त होतं. प्रचंड नाही, पण पोट विरुद्ध मत असा सौदा नाहीये एवढं तरी त्यातून दिसतं.

काडीपेटी
ताई, लॉटरीचं पटलं. बाकी वाचून सांगतो.

कडूनिंब
मला या "जागतिक संघर्ष" शब्दाचाच कंटाळा आलाय. कोणाचा संघर्ष? १९५३ ला इराणमध्ये निवडून आलेल्या मोसद्देकना कोणी घालवलं? अमेरिका आणि ब्रिटनने, तेलासाठी. १९५४ ला ग्वाटेमाला. १९७३ ला चिलीमध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयेंदेंच्या विरुद्ध वातावरण कोणी तापवलं? इजिप्तमध्ये जुलै २०१३ ला निवडून आलेल्या मोर्सींना सेनापतीने उचललं, तेव्हा वॉशिंग्टनला "बंड" हा शब्दही उच्चारवेना, कारण उच्चारला तर कायद्याने मदत थांबवावी लागली असती. म्हणजे लोकशाही आपल्या सोयीची असली तर पवित्र, नाहीतर स्थैर्य महत्त्वाचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आता हेच लोक रशिया चीनला धडे देतात, आणि पुतिन समर्थक नेमकं हेच तोंडावर फेकतात, त्यांना उत्तर काय?

शाईबोट
कडूनिंब, यातला एक शब्दही खोडत नाही. फक्त एवढंच, वैद्य लबाड निघाला म्हणून रोग खोटा ठरत नाही. तुम्ही चिलीचं नाव काढलंत तर पुढचं सांगतो. आयेंदेंना हटवून सत्तेवर आलेल्या जनरल पिनोशेने ५ ऑक्टोबर १९८८ ला सार्वमत घेतलं, मला अजून आठ वर्षं द्यायची की नाही. त्याला खात्री होती. "नाही" वाल्यांनी स्वतःची समांतर मोजणी उभी केली होती, केंद्राकेंद्रावरून आकडे मागवून. त्या रात्री सरकारी आकडे येईनात, आले तेही "होय" पुढे आहे असे. आणि मग हवाई दलाचे प्रमुख मात्तेई राजवाड्यात बैठकीला जाता जाता पत्रकारांना सहज बोलावं तसं बोलून गेले की मला तर वाटतं "नाही" जिंकलंय. संपलं! ५६ विरुद्ध ४४. पिनोशेच्याच सत्ताधारी मंडळातला माणूस. त्याला लोकशाहीचा पुळका होता असं नाही, पण समांतर मोजणीमुळे खोटं पचणार नाही हे त्याला दिसत होतं.

ज्या चिलीत बाहेरच्यांनी लोकशाही मारली तिथल्याच लोकांनी ती परत आणली. वॉशिंग्टनच्या ढोंगाचं ओझं त्यांच्या डोक्यावर कशाला?

कडूनिंब
हे मान्य. फक्त पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुख राहिला हेही लिहा, म्हणजे गोष्ट जास्त गोड होणार नाही.

शाईबोट
लिहिलं समजा.

तिरका_डोळा
सगळे मतं चोरणाऱ्या हुकूमशहांबद्दल बोलताहेत. ज्याला चोरायची गरजच नाही त्याचं काय करायचं?

एल साल्वादोर. २०१५ मध्ये तिथे लाख माणसांमागे शंभराहून जास्त खून व्हायचे, जगात सगळ्यात वाईट. टोळ्या दुकानदाराकडून हप्ता घ्यायच्या, पोरगी आवडली तर घेऊन जायच्या, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला परवानगी लागायची. बुकेले राष्ट्राध्यक्ष म्हणून आले, मार्च २०२२ पासून आणीबाणी, ८० हजारांवर माणसं आत टाकली, बऱ्याच जणांवर धड आरोपपत्र नाही. आणि २०२४ मध्ये लाखामागे दोनपेक्षा कमी खून. त्याच वर्षी निवडणूक, ८५ टक्के मतं. ही मतं खरी आहेत, मोजणीच्या टेबलावर कोणीही बसवा.

पण त्याआधी काय काय झालं बघा. १ मे २०२१ ला नव्या संसदेने पहिल्याच दिवशी घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश काढले. नव्या न्यायाधीशांनी काही महिन्यांत सांगितलं की लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायला हरकत नाही, घटनेत उघड मनाई असून. संसदेच्या जागा ८४ वरून ६० केल्या. आणि जुलै २०२५ मध्ये कितीही वेळा निवडून येण्याची मोकळीक, मुदत पाच ऐवजी सहा वर्षं.

मी त्या गल्लीत राहत असतो तर मीही त्यालाच मत दिलं असतं, खोटं कशाला बोलू. आणि तरी मला भीती वाटते. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. उद्या चुकून माझाच पोरगा उचलला तर मी जाणार कोणाकडे, न्यायाधीश तर आधीच बदलून झालेत. शाईबोट, तुमच्या थिअरीत हा माणूस बसत नाही.

शाईबोट
बसत नाही, खरंय. यावर दोन दिवस विचार केला, नीट उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ८५ टक्के मिळत असताना कोणाला भीती नसते, मग न्यायाधीश आणि मुदतीचे नियम आधीच का काढून टाकले? बहुतेक ते ८५ चे ४५ होतील त्या दिवसासाठी. पण तो दिवस येईपर्यंत लोकांना हे पटवणं कठीण आहे आणि माझ्याकडे जादू नाही.

मी_फक्त_वाचतो
तिरका_डोळा यांचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी (शाईबोट यांची माफी मागून)

खिडकीतून
आफ्रिकेतलं मलावी राहिलं ना! मी सांगते, हे माझं लाडकं.

मे २०१९, राष्ट्राध्यक्ष मुथारिका परत जिंकले असं जाहीर झालं, साडेअडतीस टक्के मतं. मग निकालाचे तक्ते बघितले तर काय, आकड्यांवर व्हाइटनर! खोडून वर नवे आकडे. एक दोन नाही, ढिगाने. तिथल्या लोकांनी राष्ट्राध्यक्षांना व्हाइटनरच्याच ब्रँडवरून नाव ठेवलं. महिनोन्‌महिने मोर्चे निघाले आणि ३ फेब्रुवारी २०२० ला पाच न्यायाधीश बुलेटप्रूफ जाकिटं घालून, लष्कराच्या बंदोबस्तात कोर्टात आले आणि ५०० पानांच्या आसपासचं निकालपत्र तासन्‌तास वाचत बसले. निवडणूक रद्द. फेरनिवडणुकीच्या तोंडावर सरकारने सरन्यायाधीशांना उरलेली रजा घेऊन घरी बसा असं सांगून बघितलं (निवृत्ती अजून लांब होती!), तर वकील आणि न्यायाधीश रस्त्यावर उतरले. जूनमध्ये विरोधी उमेदवार चक्वेरा ५९ टक्क्यांच्या आसपास मतांनी जिंकले.

आणि आता खरी मजा. सप्टेंबर २०२५ ला चक्वेरा हरले. कोणाकडून? त्याच मुथारिकांकडून, वय ८५! महागाई, इंधन मिळेना, लोक कंटाळले होते. चक्वेरांनी पराभव मान्य केला आणि गेले. मला आधी वाईट वाटलं, एवढं करून परत तोच म्हातारा? मग वाटलं की अरे हेच तर हवं होतं, या वेळी व्हाइटनर लागलं नाही.

जुनी_सायकल
खिडकीतून ताई, बुलेटप्रूफ जाकीट घालून निकाल वाचणं हे डोळ्यासमोरून जात नाहीये.

तुर्कस्तानचंही सांगायला हवं, तिथे कारकुनी पातळीवर काय होतं बघा. मार्च २०१९ ला इस्तंबूलच्या महापौरपदाला विरोधी पक्षाचे इमामोग्लू जेमतेम १३ हजारांच्या फरकाने जिंकले. मे मध्ये निवडणूक मंडळाने ७ विरुद्ध ४ ने निकाल रद्द केला, कारण काय तर काही केंद्रप्रमुख सरकारी नोकर नव्हते. पण त्याच लिफाफ्यात, त्याच केंद्रावर, त्याच मतदाराने जिल्ह्याच्या महापौरासाठी दिलेली चिठ्ठी मात्र वैध! एकाच पाकिटातला एक कागद बाद आणि दुसरा चालतो. लोकांना हे इतकं लागलं की जूनच्या फेरनिवडणुकीत फरक १३ हजारांवरून आठ लाखांवर गेला.

पुढे शिकले ते सत्ताधारीच. निकाल रद्द करण्यात तोटा आहे, उमेदवारच उभा राहू द्यायचा नाही. मार्च २०२५ मध्ये आधी विद्यापीठाने इमामोग्लूंची तीसेक वर्षांपूर्वीची पदवी रद्द केली (राष्ट्राध्यक्षपदाला पदवी लागते), दुसऱ्या दिवशी पहाटे अटक.

हाँगकाँग तर त्याच्याही पुढे. नोव्हेंबर २०१९ च्या जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत ७१ टक्के मतदान आणि लोकशाहीवाल्यांनी धुऊन काढलं. त्यानंतर सुरक्षा कायदा, मग "फक्त देशभक्त" उमेदवार, आणि २०२३ ला लोकांनी थेट निवडायच्या जागा ४५२ वरून ८८. मतदान साडेसत्तावीस टक्के. लोकांनी घरी बसून मत दिलं म्हणायचं.

काडीपेटी
परत आलो. वाचलं सगळं. आता प्रामाणिक शंका, काडी नाही. हे जे निर्देशांक फिरतात, स्वीडनच्या व्ही-डेम या संशोधन संस्थेचा २०२५ चा अहवाल म्हणतो की हुकूमशाह्या ९१ आणि लोकशाह्या ८८, वीस वर्षांत पहिल्यांदा पारडं तिकडे झुकलं. अमेरिकेतली फ्रीडम हाउस ही संस्था म्हणते २००६ पासून दर वर्षी घसरणच. हे मोजतं कोण? तज्ज्ञांना प्रश्नावली पाठवतात, ते गुण देतात. मग तज्ज्ञ म्हणजे कोण, त्यांचा चष्मा कुठला? तुम्ही मोजणाऱ्यांवर लक्ष ठेवा म्हणताय तर यांच्यावरही ठेवा की.

शाईबोट
बरोबर पकडलंत. दशांश चिन्हापुढचे आकडे घेऊन भांडण्यात अर्थ नाही, ९१ चे ८७ निघाले तरी मला नवल वाटणार नाही. मी त्यातली दिशा घेतो, क्रमांक सोडून देतो. आणि व्ही-डेम निदान कुठल्या प्रश्नाला किती गुण ते उघडं ठेवतं, तपासून भांडता येतं. व्हेनेझुएलाच्या आयोगाशी तेवढंही करता येत नाही.

तिरका_डोळा
एकदा मोडलेलं परत जोडता येतं का यावर कोणी बोललं नाही. पोलंड. ऑक्टोबर २०२३ ला ७४ टक्के मतदान, आठ वर्षांचं सरकार गेलं, टुस्क पंतप्रधान झाले, सगळीकडे जल्लोष. मग कळलं की सरकारी टीव्ही, घटनात्मक न्यायालय, सगळीकडे आधीच्यांची माणसं आणि त्यांना हलवायचं तर कायदा हवा, आणि कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष जुन्या गोटातले. मग टुस्क सरकारने सरकारी टीव्हीचे प्रमुख काढले आणि अडचण आली तेव्हा कंपनीच दिवाळखोरीसारख्या अवस्थेत टाकली, म्हणजे तिथे आपला माणूस बसवता येईल. हे कायद्यात बसतं का यावर त्यांच्याच बाजूचे काही वकील कुरकुरले. चोराने घराचं कुलूप बदललं, तर मालकाने खिडकी फोडून आत जायचं का? गेला तर शेजाऱ्यांना चोर कोण हे कसं कळणार? आणि २०२५ ला राष्ट्राध्यक्षपद परत त्याच गोटाकडे, थोडक्या फरकाने.

शाईबोट
अवसायन (कंपनी गुंडाळायची कायदेशीर प्रक्रिया) म्हणतात त्याला, दिवाळखोरी नव्हे. बाकी मुद्दा सोळा आणे खरा.

कडूनिंब
मी कडू म्हणून प्रसिद्ध आहे तरी एक गोड देतो. ३ डिसेंबर २०२४, दक्षिण कोरिया. रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष यून टीव्हीवर येऊन मार्शल लॉ जाहीर करतात. पोलिसांनी संसदेचं फाटक अडवलं. खासदार काय करतात, तर कुंपणावरून उड्या मारून आत! सभापती साठी उलटलेले, तेही भिंत चढून. तेव्हाचे विरोधी नेते ली जे-म्युंग मोबाइलवर लाइव्ह करत उडी मारतात. कर्मचाऱ्यांनी सोफे खुर्च्या दाराला लावले, सैनिकांवर अग्निशामक नळकांडी फवारली. ३०० पैकी १९० खासदार जमले आणि रात्री एकला १९० विरुद्ध शून्याने ठराव, मार्शल लॉ उठवा. त्यात यून यांच्या स्वतःच्या पक्षाचे १८ होते. पहाटे साडेचारच्या सुमारास उठवला. एप्रिलमध्ये घटनात्मक न्यायालयाने आठच्या आठ न्यायाधीशांनी एकमताने यूनना काढलं.

मला काय आवडलं माहितीये? आत गेल्यावर सभापतींनी घाई केली नाही. लोक ओरडत होते लवकर घ्या मतदान, सैनिक काचा फोडून आत आलेत. ते म्हणाले कार्यपद्धतीप्रमाणे होऊ दे, नाहीतर उद्या हेच अवैध ठरेल. त्या अवस्थेत नियमपुस्तक आठवणारा माणूस!

जुनी_सायकल
हे मोजणीच्या टेबलावर बसलेल्यालाच कळेल.
आणि एक, १९७७ विसरू नका. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली होती, पेपरांवर सेन्सॉर होता, कोर्टाने १९७६ ला हातही वर केले होते (एकटे न्या. खन्ना सोडून). तरी मोजणी झाली तेव्हा पंतप्रधान रायबरेलीत ५५ हजारांनी हरल्या आणि तसंच जाहीर झालं. जाहीर करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या रात्री काय वाटलं असेल याचा मी नेहमी विचार करतो.

संपादक
१९७७ पर्यंत ठीक आहे, तिथून पुढे सरकलात तर कुलूप :) धागा छान चाललाय.

मी_फक्त_वाचतो
एक शेवटचं विचारू का, ते गांबियाचे बॅरो, पुढे काय केलं त्यांनी? गोट्या आहेत का अजून?

शाईबोट
गोट्या होत्या, २०२१ च्या निवडणुकीतही पिंपातच टाकल्या. बॅरो आधी म्हणाले होते तीन वर्षं राहतो आणि जातो. पाच पूर्ण केली, मग स्वतःचा पक्ष काढला, परत उभे राहिले, ५३ टक्के मिळाली.

मी_फक्त_वाचतो
आणि दोनदाच राहायचं असा नियम वगैरे?

शाईबोट
नव्या घटनेच्या मसुद्यात होता. सप्टेंबर २०२० ला संसदेत मसुदा पडला.